न दचकणारा हात

माझा नवरा फटाक्यांना घाबरतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पुण्यातली सगळी सोसायटी खाली फटाके उडवत होती आणि हा बाल्कनीत कानात बोटं घालून उभा होता. मी त्याला इतकं चिडवलं की शेवटी सासूबाईंनीच मला गप्प केलं. अशा माणसाने जर्मनीत येऊन पिस्तूल घेतलं, हे मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना आधी थट्टाच वाटायची.

आम्ही एर्लांगेनजवळच्या एका गावात राहतो. ऑफिसपर्यंत सायकलचा रस्ता चांगला आहे म्हणून इथे घर घेतलं. राहायला लागल्यावर कळलं की गावाने आपल्याला ओळखावं असं वाटत असेल तर कुठल्यातरी फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, जावंच लागतं. आमच्या गावात फुटबॉलचं मंडळ आहे, आग विझवणाऱ्यांचं आहे आणि नेमबाजांचं आहे. नवऱ्याचे गुडघे फुटबॉलच्या लायकीचे नाहीत. आगीच्या वेळी भराभर जर्मन बोलावं लागणार, तेही जमण्यातलं नव्हतं. राहिली नेमबाजी. तिथे सगळे कानांवर जाडजूड हेडफोन लावून उभे असतात, कोणी कोणाशी बोलत नाही. ज्याचं जर्मन प्रत्येक वाक्यात मध्येच अडतं, त्याला ती जागा का आवडली हे मला लगेच कळलं.

मनात आलं आणि पिस्तूल आणलं, असं इथे होत नाही. आधी वर्षभर मंडळात नेमाने जायचं, मंडळाच्या पिस्तुलाने शिकायचं. मग परीक्षा. मग सरकारी कचेरी तुमची चौकशी करणार, गुन्हा नाही ना, दारूचं व्यसन नाही ना, डोकं ठिकाणावर आहे ना. सगळं नीट निघालं की तुम्ही 'त्सुफरलेसिश', म्हणजे भरवसा ठेवण्याजोगे ठरता आणि मग पिस्तूल बाळगायचं कार्ड मिळतं. ते कार्ड आलं त्या दिवशी त्याने मला शिरा करायला लावला आणि जवळच्या चार घरी मुलीला वाट्या घेऊन पाठवलं. इथे कायमचं राहण्याचा परवाना मिळाला तेव्हासुद्धा त्याने इतकं कौतुक केलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, तो कंपनीमुळे मिळाला, हे मात्र मी कसा माणूस आहे ते बघून दिलंय.

पिस्तुलासाठी तळघरात भिंतीला बोल्ट मारून पोलादी तिजोरी बसवली. कायदा असा की नंबर फक्त कार्डवाल्यालाच माहीत असायला हवा, बायकोलासुद्धा सांगायचा नाही. आमच्या घरात एकमेकांच्या फोनचे, बँकेचे, अगदी ऑफिसच्या कॉम्प्युटरचेही पासवर्ड सगळ्यांना पाठ. आणि आता माझ्याच तळघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, एक दार होतं जे मी उघडायचं नव्हतं. सासूबाईंना व्हिडिओवर दाखवलं तेव्हा त्यांना कायद्याचं काही पडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, खंडेनवमीला पूजा करा म्हणजे झालं. पिस्तूल बाहेर काढायला हा तयार नव्हता, म्हणून मी तिजोरीच्या दारालाच हळदकुंकू लावलं. पुढे कचेरीचा माणूस तपासणीला आला, त्याने ते लाल ठिपके बोटाने खरवडून बघितले आणि इथे ओल येते का, असं विचारलं.

नवऱ्याला नेम काही साधत नव्हता. पण तिथे कोणालाच साधत नव्हता, हे मला हळूहळू समजलं. वर्षानुवर्षं पिस्तूल बाळगणारी माणसं, घरी एकाहून जास्त पिस्तुलं, चामड्याच्या बॅगा, पिवळ्या काचांचे खास चष्मे, आणि पंचवीस मीटरवरचा मधला काळा गोल बहुतेकांना नीट सापडत नाही. मग कोणी चष्म्याला दोष देतो, कोणी काडतुसाच्या कंपनीला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. एकाने तर मंडळाच्या तळघरात, चारी बाजूंनी बंद जागेत, हवेला दोष दिलेला मी ऐकलाय. सरकारला हजेरी लागते, नेम लागत नाही. तुम्ही अमुक वेळा येऊन गोळ्या झाडल्या एवढं मंडळाने सांगितलं की काम झालं, त्या कुठे लागल्या हे कोणी विचारत नाही.

विचारायचे ते एकटे मास्तर. मंडळाच्या प्रमुखाला इथे शुट्झनमायस्टर म्हणतात, आम्ही घरात मास्तर म्हणायचो. निवृत्त सुतार, अंगाने आडवे, मिशा पिवळट. त्यांना लक्ष्याचा कागद बघून माणूस ओळखायची सवय होती. गोळ्या सगळीकडे पसरल्या की म्हणायचे, आज घरी भांडून आलेला दिसतोस. वर गेल्या की घाईत आहेस. आणि उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या तर तो आवाजाला घाबरतो. चाप ओढण्याआधीच त्याचं अंग धमाक्याच्या तयारीला लागतं, मूठ आवळली जाते, आणि नळी झुकते. माझ्या नवऱ्याचे सगळे कागद खाली डावीकडे भोकं पडलेले. तो ते घरी आणायचा आणि मी त्यांवर भाजी चिरायचे.

हा दचकण्याचा दोष दाखवायला मास्तरांची एक युक्ती होती. मारणाऱ्याकडे पाठ करून ते मॅगझिन भरायचे आणि खऱ्या काडतुसांत मध्येच कुठेतरी एक खोटं घालायचे, दारू नसलेलं. ते कधी येणार हे मारणाऱ्याला माहीत नसतं. ते आलं की नुसतंच टक होतं. धमाका नाही, धक्का नाही, तरी नळी खाली झुकते आणि सगळ्यांना दिसतं. दर शरद ऋतूत मंडळाचा घरगुती मेळावा असतो, तेव्हा ही परीक्षा सगळ्यांची व्हायची आणि ज्याचा हात झुकणार नाही त्याला मास्तरांकडून बिअर. ती बिअर जवळजवळ कोणालाच मिळायची नाही. पिस्तुलाची नळी अशी काही डुबकी मारायची की नेमबाजीच्या खोलीच्या काचेपलीकडे बसलेल्या बायका हसायच्या. नवरा घरी येऊन स्वतःच नक्कल करून दाखवायचा. म्हणायचा, ती बिअर माझ्या तेराव्याला ठेवा. मीही हसायचे.

मग त्याची नोकरी गेली. त्याचा सगळा विभागच दुसऱ्या देशात हलवला. कंपनीने पैसे दिले, चांगलं पत्र दिलं, निरोपाला केक कापला. पहिले काही आठवडे तो बरा होता. अर्ज पाठवायचा, मुलीला पोहायला न्यायचा, माझा डबा भरायचा. नंतर अर्जांना उत्तरं यायची बंद झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याने वाट बघणंही बंद केलं. काहीही विचारलं की 'बघू'. जेवायला काय करू, बघू. दिवाळीला पुण्याला जायचं का, बघू. दाढी वाढली, पोट आत गेलं, आईचा फोन आला की तो बाथरूममध्ये जायचा. मुलगी त्याच्याशी जर्मनमध्ये बोलते, तो मराठीत उत्तर देतो, असं आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललेलं. आता तिच्या प्रश्नानंतर नुसती शांतता असायची. तिने एकदा मला विचारलं, "मामा, इस्ट पापा क्रांक?" आई, पापा आजारी आहे का. मी म्हटलं, दमलाय.

डॉक्टरकडे चल म्हणून मी किती मागे लागले. एकदा गेला, आणि झोप लागत नाही एवढंच सांगून आला. मी भांडले. तेव्हा त्याने पहिल्यांदा नीट वाक्य बोलून दाखवलं. डॉक्टरकडे खरं सांगितलं की ते कुठेतरी लिहिलं जाणार, लिहिलं गेलं की कार्ड जाणार. मला इतका संताप आला. म्हटलं, डोकं फुटायची वेळ आलीय आणि तुला कार्डाचं पडलंय? तो शांतपणे म्हणाला की मी भरवशाचा आहे असं या देशात आता तेवढं एकच कार्ड म्हणतंय.

नेमबाजीला मात्र तो जात होता. आधी आठवड्यातून एकदा जायचा, आता मंडळ उघडं असेल तेव्हा. मला वाटायचं, चला, निदान आंघोळ करून घराबाहेर तर पडतो. मास्तर एकदा बेकरीत भेटले. खूष होते, तुमचा नवरा फार सुधारला म्हणाले. मी घरी येऊन बघितलं तर कागद आणलेलेच नव्हते. हल्ली तो ते तिथेच टाकून येत होता.

सप्टेंबरात मेळावा झाला. दुपारची वेळ, छान ऊन. मी बटाटेवडे करून नेले होते, ते केकच्या टेबलावर आलुबुखाराच्या केकशेजारी ठेवले. आम्ही बायकामुलं काचेच्या अलीकडच्या बाकांवर बसलो आणि एकेकाची परीक्षा सुरू झाली. पोस्टमनचा हात झुकला, हसू. दाताच्या डॉक्टरचा झुकला, जास्त हसू. मग माझा नवरा उभा राहिला. एक धमाका, दुसरा, मग टक.

नळी हलली नाही. भिंतीत खिळा ठोकावा तसा हात होता. मास्तर पुढे वाकून बघत राहिले, मग त्यांनी त्याला पुढे मारायला सांगितलं, आणि त्यानंतरच्या गोळ्याही मधल्या गोलात गेल्या. काचेअलीकडे टाळ्या पडल्या, माझ्या शेजारणीने माझ्या पाठीवर थाप मारली. मास्तरांनी त्याच्या हातात बिअर दिली. तो हसला नाही. बसचं तिकीट घ्यावं तशी त्याने ती घेतली आणि न उघडता टेबलावर ठेवली.

मी नेमबाज नाही. पण फटाक्यांना घाबरणाऱ्या माणसाबरोबर मी संसार केलाय. कुकरची शिट्टी झाली तरी त्याचे खांदे वर जातात. आणि मला त्या क्षणी आठवलं की कितीतरी दिवसांत ते वर गेलेले मी पाहिले नव्हते. मुलीने वरच्या खोलीत खुर्ची पाडली, दार आपटलं, शेजाऱ्याने ड्रिल लावलं, हा तसाच बसून. शिकून ही भीती जात नाही, हे मी त्याच काचेमागून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. आवाजाच्या पलीकडे काहीतरी हवं असतं म्हणून माणूस आवाजाला दचकतो. त्याला पलीकडचं काही नकोसं झालंय, असं मला वाटलं, आणि एकदा वाटल्यावर ते जाईना.

मी मास्तरांना कोपऱ्यात गाठलं. माझं जर्मन नवऱ्यापेक्षा बरं आहे, पण त्या दिवशी माझंही अडत होतं. सांगितलं की त्याचं काही ठीक नाही, त्याचं पिस्तूल थोडे दिवस तुमच्या तिजोरीत ठेवून घ्या. कार्डवाला माणूस दुसऱ्या कार्डवाल्याचं पिस्तूल थोड्या काळासाठी ठेवून घेऊ शकतो, एवढं मला माहीत होतं. मास्तरांनी खिशातून नवऱ्याचा ताजा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. भोकं एकमेकांना चिकटलेली. म्हणाले, ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याच्याने असा कागद होत नाही, काळजी करायची तर त्या थरथरणाऱ्यांची करा. मी म्हटलं, याच कागदाची मला भीती वाटते. त्यांना ते कळलं नाही. माणूस म्हणून वाईट नाहीत, पण सगळं आयुष्य त्यांनी हाच कागद वाचला होता. शिवाय जाता जाता त्यांनी मला समजावलंही, की कचेरीत काही बोलू नका, एकदा काढून घेतलं की परत मिळणं कठीण, बिचाऱ्याचं मन मोडेल.

घरी येताना तो पुढे सायकलवर, मधे मुलगी, मागे मी. त्याची पाठ बघत मी विचार करत होते. समजा मी कचेरीला फोन केला आणि माझी शंका खोटी निघाली, तर एका दमलेल्या माणसाच्या हातातली शेवटची गोष्ट मीच काढून घेतली असं होईल. आणि फोन नाही केला तर. त्यापुढे मला विचार करता येत नव्हता. तिजोरीचा नंबर मला माहीत नव्हता, नाहीतर मी स्वतः ते पिस्तूल काढून कालव्यात फेकलं असतं, कायदा गेला खड्ड्यात.

सोमवारी मुलगी शाळेत गेल्यावर मी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं आणि स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसले. चहा दिला. आडवळणं मला येत नाहीत, आणि त्या दिवशी सुचलीही नाहीत.

"परवा तू दचकला नाहीस," मी म्हटलं.

"शिकलो."

"पोस्टमन जन्मभर शिकतोय. तो अजून दचकतो."

त्याने चहाचा घोट घेतला. मी म्हटलं, "तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

मराठीत हे वाक्य इतकं उघडं आहे. उच्चारल्यावर वाटलं, आता हा चिडेल, टेबलावर हात आपटेल, काहीतरी अभद्र बोलतेस म्हणेल. तसं व्हावं म्हणून मी मनात देवाचं नाव घेतलं. त्याने कप हळूच बशीत ठेवला.

"कार्ड जाईल," तो म्हणाला.

तेवढंच. नाही म्हणाला नाही, वेडी आहेस का म्हणाला नाही. आता निदान मला माहीत होतं. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, मग काय राहिलं. आम्ही दोघी आहोत ना, असं मी म्हटलं, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं यजमानांनी आग्रह केल्यावर भरल्या पोटाचा माणूस बघतो. माझा आग्रह त्याला पटत होता, पण त्याच्यात जागाच नव्हती. मला रडू आलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या भरातच मी मास्तरांना फोन लावून तो स्पीकरवर टेबलावर ठेवला.

मी बोलणार होते. पण मास्तरांनी 'हॅलो' म्हटल्यावर नवराच बोलला. त्याचं जर्मन त्या दिवशी कुठेही अडलं नाही. म्हणाला, पिस्तूल घेऊन जा, माझ्यावर भरवसा ठेवू नका. मग मास्तर म्हणाले, येतो.

ते कुलपाची पेटी घेऊन आले, कामाचे कपडे तसेच अंगावर. आम्ही तिघं तळघरात उतरलो. तो तिजोरीसमोर उभा राहिला, आणि नंबर दाबण्याआधी सरकून त्याने आपली पाठ अशी धरली की बटणं माझ्या नजरेआड राहतील. बायकोला नंबर दिसायचा नाही. जगण्यातलं काहीच ज्याला नको होतं तो माणूस अजून नियम पाळत होता. माझा राग तिथेच विरघळला. त्याने पिस्तूल दिलं, काडतुसांची खोकी दिली, मास्तरांनी सगळं तपासून पेटीत ठेवलं. त्यांचे हात थरथरत होते. जाताना ते नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, मग पेटी उचलून गेले.

त्याच दिवशी आम्ही एर्लांगेनच्या दवाखान्यात गेलो आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं. तो कित्येक आठवडे तिथे होता. कार्ड गेलं. कचेरीत त्याने स्वतःच सगळं सांगितलं. तिकडचा माणूस नीट वागला, पण नीट वागून काढून घेतलं म्हणून कमी लागतं असं नाही. पिस्तूल मंडळातल्याच कोणीतरी घेतलं, कोणी ते मी विचारलं नाही. मेळाव्यात टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना आता त्याच्याशी काय बोलावं कळत नाही, ते दुरूनच हात करतात. सासूबाईंना आम्ही अर्धंच सांगितलं. त्यांनी उरलेलं ओळखलं असावं, कारण त्या आता रोज फोन करतात आणि भलतंच काहीतरी बोलत राहतात, भाज्यांचे भाव, लिफ्ट बंद पडली वगैरे. एकदा फोन ठेवताना त्या मला म्हणाल्या, "त्याला एकट्याला सोडू नकोस, आणि तूही नीट जेवत जा." मी नुसतं हो म्हटलं.

तो आता घरी आहे. गोळ्या घेतो, आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी बोलायला जातो. नोकरी नाही. मी बरोबर केलं का, हे मला कोण सांगणार? काही घडलं नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या की योग्य वेळी आणलंत. त्या हे सगळ्यांनाच म्हणत असतील, असंही कधीकधी वाटतं.

मागच्या आठवड्यात त्याच्या त्या भेटीनंतर आम्ही दोघं बसची वाट बघत थांब्यावर उभे होतो. थंडी होती. तो आपणहून फारसा बोलत नाही, म्हणून त्याने तोंड उघडलं तेव्हा मी फोन खिशात टाकला.

"मी वाचलो, हे मला कळतं," तो म्हणाला. "पण त्याचा आनंद होत नाही अजून. तुला खोटं कशाला सांगू."

"मला होतो," मी म्हटलं. "सध्या घरात एकाला होतोय तेवढं पुरे."

त्याने मान हलवली. बस आली, आणि आम्ही मागच्या सीटवर जाऊन बसलो.